गाडी अवघड आहे म्हणजे खरी आहे असं नाही! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: मी रोज खरी गाडी चालवतो, आजवर एकदाही फिरली नाही. पण असेटो कोर्सा या कार रेसिंगच्या गेममध्ये साधी रोड कार घेतली तरी दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गर्रकन उलटं तोंड करून उभी राहते. मित्र म्हणतो हेच रिअलिस्टिक आहे, तुलाच चालवता येत नाही. कंट्रोलरवर (हातात धरायच्या गेमपॅडवर) खेळतो. खरंच असं आहे का?

मित्राचं अर्धं बरोबर आहे, ते आधी सांगून मोकळा होतो. रोजच्या रस्त्यावर आपण टायरची जेवढी ग्रिप असते त्याच्या निम्मीसुद्धा वापरत नाही, त्यामुळे टायरची ग्रिप संपल्यावर गाडी काय करते हे बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं. गेममध्ये मात्र पहिल्याच वळणाला तुम्ही टायरकडे सगळं मागता, आणि वर घाबरून मध्येच अ‍ॅक्सलरेटर सोडता. सोडला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. खऱ्या गाडीतही हेच होईल, फक्त तिथे तुम्ही त्या वेगाने वळणात जाणारच नाही कारण जीव प्यारा असतो.

आता उरलेलं अर्धं. अवघड म्हणजे रिअलिस्टिक हा समज सिम, म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करू बघणारे गेम, खेळणाऱ्यांत फार जुना आहे. १९९८ मध्ये ग्रँड प्रिक्स लेजंड्स आला, त्यात १९६७ च्या सीझनच्या फॉर्म्युला वन गाड्या, गाडीला खाली दाबणारे पंख नाहीत, टायर अरुंद, ताकद भरपूर, सरळ रेषेत ठेवणं मुश्कील. गेम जबरदस्तच होता, पण त्या काळापासून काही लोकांच्या डोक्यात बसलं की जो गेम जास्त छळतो तो जास्त खरा. उलट चांगली बनवलेली गाडी सुटायच्या आधी सांगते आणि थोडी सुटली तरी सावरता येते. ज्या गेममध्ये ग्रिप आहे-आहे-आहे आणि एकदम नाही, तिथे दोष बऱ्याचदा टायर मॉडेलचा, म्हणजे टायर कसा वागेल हे ठरवणाऱ्या गेममधल्या गणिताचा असतो. अनेक सिममध्ये टायरचं गणित हान्स पाचेका या डच प्राध्यापकांच्या 'मॅजिक फॉर्म्युला'वर बेतलेलं असतं, म्हणजे टायर मशीनवर मोजायचा आणि त्या आकड्यांवर वक्र बसवायचा. ग्रिपच्या शिखरापर्यंतचे आकडे बरे मिळतात, शिखराच्या पलीकडे टायर मशीनवरच तापतो आणि झिजतो, आकडे भरवशाचे राहत नाहीत, मग तिकडचं बरंचसं बनवणाऱ्याच्या अंदाजावर. नेमकं तिथेच तुम्ही स्पिन होताय, म्हणजे गाडी गर्रकन फिरतेय.

आणि कंट्रोलरचं वेगळंच. रोड कारचं स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ९०० अंश फिरतं, तुमचा अंगठा तेवढंच काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत करतो. कुठलाच माणूस एवढ्या झटक्यात स्टीअरिंग फिरवत नाही, त्यामुळे गेमला मध्ये फिल्टर, म्हणजे अंगठ्याचा झटका सौम्य करणारी गाळणी, लावावाच लागतो. सेटिंगमध्ये स्टीअरिंगचा स्पीड कमी करा, फिल्टर आणि स्पीड सेन्सिटिव्हिटी (गाडीचा वेग वाढला की स्टीअरिंग कमी वळवणारी सेटिंग) वाढवा आणि मग मित्राला बोलवा.

प्रश्न: गेमसाठी नवीन व्हील (मोटर असलेलं स्टीअरिंग) घेतलं. वळणात स्टीअरिंग आधी जड होत जातं आणि मग आणखी वळवलं की अचानक हलकं पडतं. मोटर गेली का? परत करू का?

अजिबात नको!! ज्यासाठी पैसे मोजलेत तीच गोष्ट आहे ही.

टायर रस्त्याला जिथे टेकतो तो रबराचा छोटासा पट्टा असतो. वळताना बाजूचा जोर त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर नाही, थोडा मागे लागतो, त्यामुळे चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं आणि तेच ओढणं तुमच्या हाताला जडपणा म्हणून कळतं. स्टीअरिंग आणखी वळवलं की पट्ट्याचा मागचा भाग आधी घसरायला लागतो, पुढचा अजून चिकटून असतो, मग जोराची जागा पुढे सरकते आणि सरळ व्हायची ओढ कमी होते. गंमत बघा, हे टायरची ग्रिप संपायच्या *आधी* होतं. म्हणजे स्टीअरिंग हलकं पडायला लागलं तेव्हा तुमच्याकडे अजून थोडी ग्रिप शिल्लक आहे आणि गाडी सांगतेय की बास आता. हल्लीच्या रोड कारमध्ये इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगमुळे हे बरंच दबून जातं, म्हणून वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यालाही व्हीलवर नवीन वाटतं.

मोकळी जागा असलेला ट्रॅक घ्या, एकच वेग धरून गोल फिरा आणि स्टीअरिंग अगदी हळूहळू आत घेत राहा. जड, जड, मग सैल, आणि मग गाडीचं नाक वळणाच्या बाहेर सरकायला लागेल. तिथे स्टीअरिंग किंचित सोडा, परत जड होईल आणि नाक आत येईल. हा सैलपणा हाताला एकदा कळला की स्क्रीनकडे न बघता कळतं गाडी कुठे आहे.

फक्त फोर्स फीडबॅकचा (मोटर हाताला जो जोर देते त्याचा) गेन, म्हणजे त्या जोराची पातळी, पूर्ण शंभरवर नेऊन ठेवू नका. छोट्या व्हीलची मोटर दोनेक न्यूटन मीटरच्या आसपासच जोर देते, गेन चढवला की ती वळणाच्या सुरुवातीलाच कमाल जोरावर पोचते आणि पुढचा चढउतार सगळा कापला जातो, याला क्लिपिंग म्हणतात. व्हील दगडासारखं जड आणि माहिती शून्य. कर्बचे (ट्रॅकच्या कडेच्या पट्ट्यांचे), स्लिपचे (टायर घसरण्याचे) वरून घातलेले थरथराटाचे इफेक्टही मी तरी बंदच ठेवतो, मजा येते पण खरी गोष्ट त्यात ऐकू येत नाही.

प्रश्न: व्हील, पेडल सगळं आहे तरी ब्रेक कायम उशिरा लागतो, वेगाचा अंदाजच येत नाही.

एफओव्ही (फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद कोनातलं दृश्य दिसतं ते) तपासा आधी. बहुतेक गेम खूप मोठा अँगल देऊन ठेवतात, त्यात वळणं आहेत त्यापेक्षा लांब दिसतात. स्क्रीनची रुंदी आणि डोळ्यापासूनचं अंतर यावरून तो काढता येतो, आकडा बघून वाटेल काहीतरी चुकलंय, एवढा लहान येतो, पण चार दिवस सहन करा.

दुसरं पेडलचं. खऱ्या ब्रेकमध्ये पाय किती खाली गेला यापेक्षा किती जोर दिला हे महत्त्वाचं, आणि पायाला जोर लक्षात राहतो, अंतर राहत नाही. स्वस्त पेडल अंतर मोजतं, लोड सेल, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर असलेलं पेडल जोर मोजतं. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर भारी व्हीलच्या आधी मी लोड सेल घेईन, भांडायचं असेल तर भांडा. अंगाला बसणारा जी-फोर्स (वळताना, ब्रेक लावताना अंग ढकलणारा जोर) मात्र घरी मिळणार नाही, गाडी सुटतेय हे खऱ्या ड्रायव्हरला पाठीतून कळतं ते आपल्याला हातातून आणि कानातून कळून घ्यावं लागतं, टायरच्या आवाजाकडे लक्ष द्या.

प्रश्न: मग सगळ्यात खरा गेम कुठला? एकच नाव सांगा.

एकच नाही सांगता येणार. जीटी३ (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसच्या) गाड्यांसाठी २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, मातीवरच्या रॅलीसाठी अजूनही २००४ चा रिचर्ड बर्न्स रॅली (ग्राफिक्सला हसू नका), ठोकल्यावर काय होतं ते बघायचं तर बीमएनजी. आणि ग्रान टुरिस्मो या प्लेस्टेशनवरच्या गेमला 'तो काय सिम आहे का' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की जान मार्डनबरो २०११ मध्ये त्याच गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि पुढे खऱ्या रेस चालवल्या.

हो, पार्किंगच्या वेगात गाडी विचित्र वाटली तर कुठल्याच गेमला शिव्या देऊ नका. टायर किती घसरतोय हे काढताना गाडीच्या वेगाने भागायचं असतं, वेग शून्याकडे गेला की गणित वेडंवाकडं होतं, मग प्रत्येकाने आपापली मलमपट्टी केलेली असते.