गडद बिअर, सोलापूरचे ऊन आणि घरची ज्वारी

प्रश्न : लंडनला राहणारा माझा भाचा हौसेने घरीच गडद रंगाची बिअर तयार करतो आणि मीही करून पाहावी, असा त्याचा आग्रह आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जमेल का, आमच्या बोअरचे जड पाणी चालेल का आणि बार्लीऐवजी ज्वारी वापरता येईल का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रथम कायद्याविषयी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विकायचे नसले तरीही. आणि मद्य पिण्याचा वैयक्तिक परवाना जवळ असला, तरी त्यात मद्य तयार करण्याची मुभा येत नाही. म्हणून यीस्ट घालून आंबवण्याची पायरी तुम्ही घरी करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. परंतु गडद बिअरचा रंग आणि चव बहुतांशी त्याआधीच, म्हणजे धान्याला मोड आणून ते वाळवताना आणि भाजताना ठरते. तेवढे काम करून निघणारा बिनअल्कोहोलचा गोड अर्क हे स्वतंत्र पेय म्हणूनही उत्तम लागते.

उन्हाची अडचण खरी आहे, पण ती यीस्टची आहे. भाचा वापरत असेल त्या प्रकारच्या यीस्टला साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि आंबताना द्रव स्वतःही तापतो. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात ते सांभाळणे अवघडच. ज्वारीला मोड येण्यासाठी मात्र २५ ते ३० अंशांची ऊब हवी असते, जी आपल्याकडे वर्षातले बरेच महिने विनासायास मिळते.

तेव्हा ज्वारी जरूर वापरावी, पण एक काळजी घेऊनच. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते ती यामुळेच. म्हणून मोड आलेले दाणे कडक उन्हात खडखडीत वाळवून, हातांनी चोळून, मुळे व कोंब पाखडून पूर्णपणे काढून टाकावेत. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांत हे काम नवे वाटणार नाही.

यानंतर, एकूण धान्याच्या साधारण दहावा हिस्सा मोडाची ज्वारी लोखंडी कढईत मंद आचेवर कॉफीच्या रंगाची होईपर्यंत भाजावी आणि दोन दिवस उघडी ठेवावी, म्हणजे तिचा उग्र वास उतरतो. सगळेच धान्य काळे भाजण्याचा मोह टाळावा, कारण धान्यातल्या स्टार्चची साखर करणारी विकरे त्या उष्णतेत नष्ट होतात. शिवाय ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. त्यामुळे उरलेल्या ज्वारीच्या कण्या आधी शिजवून घ्याव्यात, त्या ६५ अंशांवर उतरल्या की त्यांत बार्लीचा फिका माल्ट (मोड आणून हलकेच वाळवलेली बार्ली) आणि भाजलेली ज्वारी मिसळावी आणि तासभर झाकून ठेवून गाळावे. स्वयंपाकघरातला साधा तापमापक इथे अत्यावश्यक आहे. अंदाजावर विसंबू नये.

पाण्याविषयी चिंता नको. जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे फिक्या माल्टचा अर्क तुरट उतरतो, पण भाजलेले धान्य मुळात आम्लधर्मी असल्याने तो दोष बराचसा भरून निघतो. बोअरचे पाणी पिण्यास योग्य असल्याची खात्री तेवढी करून घ्यावी. मचूळ लागत असेल, तर नळाचे उजनीचे पाणी वापरावे.

गाळलेला अर्क पंधरा-वीस मिनिटे उकळून झटपट थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. त्यात साखर भरपूर असल्याने मधुमेह असलेल्यांनी तो टाळावा. बाहेर राहिल्यास हा अर्क आपोआप आंबू लागतो आणि घट्ट बुचाची काचेची बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते. त्यामुळे तो सैल झाकणाच्या भांड्यातच ठेवावा आणि बुडबुडे दिसले, तर ओतून द्यावा.