जेमवर किंमत समोर दिसते, तरी ऑसिलोस्कोप यायला वर्ष का लागतं?

तुम्ही शासकीय तंत्रनिकेतनात नव्याने अधिव्याख्याता झालात, प्रयोगशाळेला ऑसिलोस्कोप (विद्युत संकेतांचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) हवेत, जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर ते दिसतायत आणि तरी फाईल फिरतेच आहे, असा तुमचा प्रश्न. मी एका शासकीय संस्थेच्या भांडार आणि लेखा शाखेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो.

जेम पोर्टल २०१६ मध्ये आलं आणि ऑर्डर देणं खरंच सोपं झालं. पण वेळ जातो तो ऑर्डर देण्याआधी. मागणीपत्र, अंदाजित खर्च, तरतुदीचा दाखला, प्रशासकीय मान्यता हे सगळं पोर्टलच्या बाहेर घडतं. त्यात प्रत्येक टेबल स्वतंत्र त्रुटी काढतं. एक टेबल विचारतं, जीएसटी धरून अंदाज आहे का? ते पूर्ण करून पाठवलं की पुढचं विचारतं, जुन्या ऑसिलोस्कोपचं निर्लेखन झालं का, म्हणजे ते नोंदींतून रीतसर कमी केले का? म्हणजे आता जडवस्तू नोंदवही (टिकाऊ वस्तूंची नोंद असलेलं रजिस्टर) काढा, बंद पडलेली यंत्रं मोजा, ती दुरुस्त होण्यासारखी नाहीत असा दाखला घ्या. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण एकाच वेळी विचारले असते तर एका फेरीत काम झालं असतं, याची मला आजही चीड येते.

दुसरी अडचण पैशांची. अर्थसंकल्पात तरतूद असणं वेगळं आणि बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी दिसणं वेगळं. निधी टप्प्याटप्प्याने येतो, बराचसा वर्षाच्या शेवटी. शिवाय यंत्र ५२ या उद्दिष्टशीर्षातून (खर्चाचा प्रकार सांगणारा संकेतांक) घ्यायचं, किरकोळ साहित्य २१ मधून. शीर्ष चुकलं की देयक कोषागारातून आक्षेप लागून परत. ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, मग पुढच्या वर्षी नव्याने मागणी. तुमचं वर्ष बहुधा असंच गेलं असणार.

आणि मुळाशी आहे सहीची भीती. चुकीची खरेदी झाली तर लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघतो, वसुली लागते, निवृत्तीच्या तोंडावर माणसाचं निवृत्तिवेतन अडकतं. खरेदीच झाली नाही आणि मुलांची एक अख्खी तुकडी ऑसिलोस्कोपला हात न लावता पदविका घेऊन बाहेर पडली, तर कुठल्याच अहवालात त्याची नोंद होत नाही. त्यामुळे 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाईल खाली पाठवणं प्रत्येकाला सुरक्षित वाटतं. नियम कडक असावेत, या मताचा मी आहे. संगनमताने फुगवलेली दरपत्रकं मी पाहिली आहेत. पण उशिराचा जाबही कुणाला तरी विचारला गेला पाहिजे.

तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते तांत्रिक विनिर्देश (स्पेसिफिकेशन). ते नीट लिहा. एका कंपनीचं कॅटलॉग समोर ठेवून पडद्याचा आकार आणि वजनापर्यंत उतरवलंत, तर स्पर्धक तक्रार करणार आणि प्रक्रिया तिथेच थांबणार. अभ्यासक्रमातल्या प्रयोगांना किती बँडविड्थ, किती चॅनेल, किती सॅम्पलिंग रेट लागतो ते ठरवा आणि 'किमान' हा शब्द वापरून लिहा. कोणत्या प्रयोगासाठी काय लागतं, हे टिपणीत एका परिच्छेदात आलं की आक्षेप निम्मे होतात.

टिपणीत केंद्राच्या जीएफआर २०१७ चा (सामान्य वित्तीय नियमांचा) आधार देऊ नका. महाराष्ट्र राज्याच्या कार्यालयांना उद्योग विभागाचा खरेदीबाबतचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि त्यातल्या नंतरच्या सुधारणा लागू आहेत. खरेदीच्या रकमेची मर्यादा चुकवायला मागणीचे तुकडेही पाडू नका, लेखापरीक्षक तेच आधी बघतात. प्रस्ताव एप्रिल-मेमध्येच द्या, म्हणजे निधी येईल तेव्हा मान्यता तयार असेल. निर्लेखनाची कागदपत्रं आणि बाजारभावाचा आधार पहिल्याच दिवशी सोबत जोडा.

माल आला की मार्चच्या घाईत कुणी कितीही मागे लागलं तरी प्रत्येक नग चालू करून, प्रोब (यंत्राला सर्किटशी जोडणाऱ्या वायरी) मोजून मगच स्वीकृतीचा दाखला द्या. नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद करा आणि वॉरंटीची कागदपत्रं भांडारात न टाकता प्रयोगशाळेतच ठेवा, कारण वर्षभरात प्रोब खराब झाले की तीच लागतात.