हलकी ओआरएम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सी-शार्प ॲप्लिकेशनमध्ये एंटिटी फ्रेमवर्क कोर हे ओआरएम (डेटाबेसच्या ओळी आणि कोडमधले ऑब्जेक्ट यांची सांगड घालणारी लायब्ररी) आहे. नोंदी सेव्ह करणे, बदलणे नीट चालते, पण रिपोर्टची पाने फार संथ उघडतात. सगळे काढून डॅपर हे हलके ओआरएम घ्यावे, असा टीममधल्या काहींचा आग्रह आहे. पेटापोको आणि एनपोको ही नावेही पुढे आली. काय करावे?

उत्तर : सगळे काढू नका. आधी वेळ कुठे जातो ते पाहा. एंटिटी फ्रेमवर्कने पाठवलेली क्वेरी लॉगमधून उचला आणि थेट डेटाबेसवर चालवा. तिथेही ती तेवढीच रेंगाळत असेल, तर दोष इंडेक्सचा किंवा क्वेरीच्या रचनेचा आहे. तीच क्वेरी डॅपरमधून पाठवली तरी फरक पडणार नाही. डेटाबेस झटपट उत्तर देतो आणि वेळ त्यानंतर जातो असे दिसले, तर आणलेल्या प्रत्येक ओळीचा माग ठेवण्यात तो खर्च होत असण्याची शक्यता मोठी. रिपोर्टमधले काही बदलून परत सेव्ह करायचे नसते. तिथे ‘ॲज-नो-ट्रॅकिंग’ लावा आणि पूर्ण एंटिटी (ओळीवरून बनलेला ऑब्जेक्ट) न आणता लागतील तेवढेच कॉलम घ्या. पुष्कळदा काम इथेच भागते. शिवाय आवृत्ती ८ पासून ‘एसक्यूएल-क्वेरी’ ही मेथड मॉडेलमध्ये न नोंदवलेल्या साध्या क्लासमध्येही निकाल भरून देते.

तरीही हलके ओआरएम हवेच असेल, तर तिघांतला फरक आधी नीट लक्षात घ्या. डॅपर स्टॅक ओव्हरफ्लोच्या प्रोग्रामरांनी त्यांच्या साइटसाठी लिहिले आणि २०११ मध्ये खुले केले. एसक्यूएल तुम्ही लिहायचे, पॅरामीटर लावणे आणि आलेल्या ओळी ऑब्जेक्टमध्ये भरणे त्याने करायचे, एवढाच त्याचा आवाका. इन्सर्ट आणि अपडेटही तुम्हीच लिहायचे. पेटापोको एका टेबलाचे इन्सर्ट-अपडेट स्वतः तयार करते आणि पान क्रमांक दिला की एकूण संख्येसकट तेवढ्याच ओळी आणून देते. एनपोको हे पेटापोकोचेच भावंड. त्यात ऑब्जेक्टचा ‘स्नॅपशॉट’ घेण्याची सोय आहे, त्यामुळे बदललेले कॉलमच अपडेटमध्ये जातात. चाळीसेक टेबलांवर साधे फॉर्म असतील, तर नुसत्या डॅपरवर तीच ती अपडेट वाक्ये लिहून हात दुखतील. तिथे पेटापोको किंवा एनपोको बरे. मोठमोठ्या, हाताने घासून बसवलेल्या क्वेरी असतील तर डॅपर.

तुमच्यासाठी आम्ही तिसरा मार्ग सुचवू : लिहायला एंटिटी फ्रेमवर्क, वाचायला डॅपर. ‘गेट-डीबी-कनेक्शन’ने कॉन्टेक्स्टचेच, म्हणजे एंटिटी फ्रेमवर्कच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टचेच, कनेक्शन घ्या. ट्रान्झॅक्शन चालू असेल तर ‘गेट-डीबी-ट्रान्झॅक्शन’ने तेही काढून डॅपरच्या प्रत्येक कॉलला द्या. ते द्यायला विसरलात, तर कनेक्शनवर ट्रान्झॅक्शन चालू आहे पण कमांडला दिलेले नाही, अशा अर्थाची एरर एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरकडून हमखास येते. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण तिची एररच येत नाही. डॅपरने एखादी ओळ अपडेट केली, तर कॉन्टेक्स्टमध्ये आधीपासून असलेल्या एंटिटीला त्याचा पत्ता लागत नाही आणि पुढचे वाचन जुनीच किंमत दाखवते. अशा अपडेटनंतर ‘चेंज-ट्रॅकर’ रिकामा करा किंवा नवा कॉन्टेक्स्ट उघडा.

प्रश्न : डॅपरमधली एक क्वेरी ग्राहकाच्या कोडवरून एकच ओळ शोधते. कोडच्या कॉलमवर इंडेक्स आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत ती लगेच चालते, ॲप्लिकेशनमधून मात्र कित्येक सेकंद घेते. डॅपर बदलावे का?

उत्तर : बदलू नका. तुमचा कॉलम ‘वारकॅर’ (युनिकोड नसलेल्या मजकुराचा प्रकार) आहे का, ते पाहा. बहुधा असेलच.

सी-शार्पची स्ट्रिंग युनिकोड असते, म्हणून डॅपर तिचा पॅरामीटर ‘एन-वारकॅर’ म्हणून पाठवते, साधारणपणे ४००० लांबीचा. वारकॅर आणि एन-वारकॅर यांची तुलना करायची वेळ आली की एसक्यूएल सर्व्हर खालच्या दर्जाचा प्रकार वरच्या दर्जाच्या प्रकारात बदलतो. वरचा दर्जा एन-वारकॅरचा. म्हणजे एका पॅरामीटरचे रूपांतर होण्याऐवजी अख्ख्या कॉलमचे होते. कॉलमचे कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम यांचे नियम) जुन्या ‘एसक्यूएल’ गटातले असेल, तर इंडेक्सवर नेमकी उडी मारणे सर्व्हरला जमत नाही आणि तो सगळा इंडेक्स चाळत बसतो. विंडोज गटातल्या कोलेशनमध्ये फटका कमी बसतो, पण बसतोच. स्टुडिओत तुम्ही साध्या अवतरणचिन्हांत कोड लिहिता. तो वारकॅरच असतो, म्हणून तिथे हा प्रकार दिसत नाही.

खात्री करायची तर स्टुडिओत एन-वारकॅर(४०००) प्रकारचे व्हेरिएबल डिक्लेअर करून त्यात कोड ठेवा, तीच क्वेरी त्यावर चालवा आणि एक्झिक्युशन प्लॅन उघडा. ‘कन्व्हर्ट-इम्प्लिसिट’ हा शब्द आणि सीकच्या (नेमकी उडी) जागी स्कॅन (सगळे चाळणे) दिसला, की निदान पक्के.

उपाय सोपा आहे. साधी स्ट्रिंग न देता डॅपरचा ‘डीबी-स्ट्रिंग’ द्या. त्यात ‘इज-ॲन्सी’ (ॲन्सी म्हणजे युनिकोड नसलेली स्ट्रिंग) खरे ठेवा आणि लांबी कॉलमच्याच लांबीएवढी, समजा २०, लिहा. सगळ्याच स्ट्रिंग ॲन्सी म्हणून पाठवण्याची सोयही डॅपरमध्ये आहे आणि ती वापरायचा मोह होतो. एन-वारकॅर कॉलम एकही नसेल तरच तिला हात लावा. नाहीतर देवनागरी, अरबी किंवा चिनी मजकूर वाटेतच मोडतो आणि टेबलात नुसती प्रश्नचिन्हे उरतात. ती प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत.

कॉलम आधीच एन-वारकॅर निघाला, तर दुसरा संशयित ‘अरिथ-अबॉर्ट’ हे सेटिंग. स्टुडिओत ते चालू असते, डॉटनेटच्या कनेक्शनवर बंद. त्यामुळे दोघांसाठी कॅशमध्ये वेगवेगळे प्लॅन राहतात आणि ॲप्लिकेशनच्या वाट्याला एखाद्या विचित्र पॅरामीटरवर बेतलेला जुना प्लॅन आलेला असू शकतो. त्या सेटिंगने क्वेरी स्वतः वेगवान होत नाही. फक्त ताजा प्लॅन मिळतो. तेव्हा टेबलाची आकडेवारी (स्टॅटिस्टिक्स) अद्ययावत करा, नाहीतर त्या क्वेरीला ‘रीकंपाइल’चा पर्याय जोडून पाहा.

प्रश्न : डॅपरमध्ये ऑर्डर आणि तिच्यातल्या वस्तू जॉइनने आणल्या, तर एकच ऑर्डर पाच वेळा येते. कधी ‘स्प्लिट-ऑन’ची एरर येते. हे चुकते कुठे?

उत्तर : ऑर्डरमध्ये पाच वस्तू असतील तर जॉइन पाच ओळी देणार, आणि डॅपर प्रत्येक ओळीसाठी ऑर्डरचा नवा ऑब्जेक्ट बनवणार. ओळी एकत्र गुंफणे तुमचे काम. ऑर्डर क्रमांक ही की असलेली डिक्शनरी ठेवा. मॅपिंगच्या फंक्शनमध्ये तो क्रमांक आधी आला असेल तर जुना ऑब्जेक्ट घ्या, वस्तू त्याच्या यादीत घाला आणि शेवटी डिक्शनरीतल्या व्हॅल्यू वापरा.

स्प्लिट-ऑन म्हणजे पुढचा ऑब्जेक्ट कोणत्या कॉलमपासून सुरू होतो ती खूण. काही सांगितले नाही, तर डॅपर ‘आयडी’ नावाचा कॉलम शोधते. तुमच्याकडे तो ‘वस्तू-आयडी’ असेल तर तसे सांगावे लागते. इथे सिलेक्टमधला कॉलमांचा क्रम महत्त्वाचा. खुणेचा कॉलम वस्तूच्या कॉलमांत पहिला हवा. तो मध्ये आला, तर त्याच्या आधीचे वस्तूचे कॉलम ऑर्डरच्या वाट्याला जातात, तिथे तशी प्रॉपर्टी नसते आणि ते गुपचूप गळतात. म्हणून अशा क्वेरीत सिलेक्ट स्टार कधीच लिहू नका. उद्या टेबलात कॉलम वाढला की सगळे सरकते.

ऑर्डरला वस्तूही आहेत आणि पैसे भरल्याच्या नोंदीही, असे असेल तर एका जॉइनचा हट्ट सोडा. पाच वस्तू आणि चार नोंदी यांच्या वीस ओळी होतात. ‘क्वेरी-मल्टिपल’ने एकाच फेरीत तीन वेगळी सिलेक्ट पाठवा आणि निकाल त्याच क्रमाने वाचा.

प्रश्न : पायथनमध्ये एसक्यूलाइटवर लहानसे काम आहे. पीवी घ्यावे की एसक्यूएल-अल्केमी? पीवीने करून पाहिले, तर ५० हजार ओळी भरायला फार वेळ लागला, यादीचे पान शेकडो क्वेरी पाठवते आणि फॉरेन की असूनही अनाथ (मूळ ओळ उडालेल्या) ओळी राहिल्या.

उत्तर : लहान कामाला पीवी पुरेसे आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणी ते बदलल्याने जाणाऱ्या नव्हेत.

अनाथ ओळींचे कारण एसक्यूलाइटमध्ये आहे. फॉरेन कीची तपासणी तिथे मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनवर चालू करावी लागते. डेटाबेसचा ऑब्जेक्ट बनवताना ‘प्राग्मा’मध्ये ‘फॉरेन-कीज’ला १ द्या, आधीच्या अनाथ ओळी मात्र हाताने साफ कराव्या लागतील.

भरण वेळ खाते, कारण ट्रान्झॅक्शनबाहेरचे प्रत्येक इन्सर्ट हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन असते आणि दर वेळी फाइल डिस्कवर पक्की होण्याची वाट पाहावी लागते. सगळे ‘ॲटॉमिक’च्या ब्लॉकमध्ये घ्या आणि ‘इन्सर्ट-मेनी’ने गठ्ठे भरा. गठ्ठ्याच्या आकाराला मर्यादा आहे : एसक्यूलाइट ३.३२ च्या आधी एका वाक्यात ९९९ पॅरामीटर चालत, तिथून पुढे ३२७६६, बांधणी करताना कोणी ही मर्यादा बदलली नसेल तर. बारा कॉलमांचे टेबल असेल तर जुन्या आवृत्तीत एका वेळी ८३ ओळी, नव्यात २७३०. तुकडे पाडायला पीवीतच ‘चंक्ड’ हे फंक्शन आहे.

यादीच्या पानाचे दुखणे ओआरएमचे सनातन आहे : २०० पुस्तके आणली आणि प्रत्येकाच्या लेखकाचे नाव छापले, की आणखी २०० क्वेरी. प्रत्येक पुस्तकाला लेखक एकच असेल तर जॉइन करा आणि सिलेक्टमध्ये दोन्ही मॉडेल लिहा. नुसता जॉइन लिहून सिलेक्टमध्ये पुस्तकच ठेवले, तर जॉइनही होतो आणि २०० क्वेरीही जातात. उलट दिशेने, म्हणजे एका लेखकाची अनेक पुस्तके हवी असतील, तर ‘प्रीफेच’ वापरा.

एक फरक निवड करताना खरोखर मोजायचा असतो. एसक्यूएल-अल्केमीच्या सेशनमध्ये एका ओळीचा एकच ऑब्जेक्ट राहतो आणि काय बदलले याची नोंद तो ठेवतो. पीवीत तीच ओळ दोनदा आणली तर दोन ऑब्जेक्ट होतात, आणि ‘सेव्ह’ मूळच्या सेटिंगमध्ये सगळे कॉलम लिहिते. एकाने नाव बदलून सेव्ह केले आणि दुसऱ्याने नंतर फोन बदलून सेव्ह केले, तर नाव जुने होऊन बसते. मॉडेलच्या मेटामध्ये ‘ओन्ली-सेव्ह-डर्टी’ चालू करा. साठा किंवा शिल्लक यांसारखे आकडे तर ऑब्जेक्टवर वाढवूच नका; अपडेट क्वेरीत ‘शिल्लक = शिल्लक + १’ असेच लिहा. आणि प्रायमरी की तुम्ही स्वतः देत असाल, तर पहिल्या सेव्हला ‘फोर्स-इन्सर्ट’ लागते, नाहीतर पीवी अपडेट पाठवते, शून्य ओळी बदलतात आणि नोंद कुठेच जात नाही.

प्रश्न : गो भाषेत गॉर्म, एसक्यूएल-एक्स आणि एसक्यूएल-सी यांतले काय निवडावे?

उत्तर : क्वेरी ठरलेल्या असतील तर एसक्यूएल-सी. ते तुमच्या एसक्यूएल फाइल आणि टेबलांची रचना वाचून गोचा कोड तयार करते, त्यामुळे कॉलमच्या नावातली चूक कोड चालण्याआधीच पकडली जाते. शोधाच्या फॉर्मवर दहा ऐच्छिक फिल्टर असतील, तर ते अवघडते. तिथे एसक्यूएल-एक्स बरे; एसक्यूएल तुम्ही लिहायचे, निकाल स्ट्रक्टमध्ये भरणे त्याने करायचे. त्यात यादी देऊन ‘इन’ करायचे तर आधी ‘इन’ फंक्शनने प्रश्नचिन्हे वाढवून घ्या आणि पोस्टग्रेस असेल तर ‘रीबाइंड’ करा. यादी रिकामी असेल तर एरर येते, ती शक्यता आधीच वेगळी काढा. नल येऊ शकणाऱ्या कॉलमला साधी स्ट्रिंग देऊ नका. पॉइंटर किंवा नल-स्ट्रिंग द्या. गॉर्म घेतलेच, तर एक लक्षात असू द्या : स्ट्रक्ट देऊन ‘अपडेट्स’ केले की शून्य, खोटे आणि रिकामी स्ट्रिंग असलेली फील्ड तो वगळतो. एखादी नोंद निष्क्रिय करायला खोटे पाठवले आणि ती सक्रियच राहिली, तर कारण हे. मॅप द्या किंवा ‘सिलेक्ट’ने फील्डची नावे सांगा.

प्रश्न : हलक्या ओआरएममध्ये एसक्यूएल इंजेक्शनची भीती जास्त असते का? आणि एकच नोंद दोघांनी एकदम बदलली तर?

उत्तर : किंमती पॅरामीटरने गेल्या तर भीती नाही. धोका असतो तो ज्या जागी पॅरामीटर चालतच नाही तिथे : कॉलमचे नाव, टेबलाचे नाव, चढता-उतरता क्रम. वापरणाऱ्याने निवडलेला कॉलम ‘ऑर्डर बाय’मध्ये जोडायचा तर परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि यादीतले नावच जोडा. जावाच्या मायबॅटिस लायब्ररीत हॅश-कंस पॅरामीटर लावतो, डॉलर-कंस मजकूर जसाच्या तसा चिकटवतो; कोड तपासताना डॉलर शोधला की संशयाच्या जागा सापडतात. डॅपरमध्ये किंमत स्ट्रिंगमध्ये चिकटवली तर आणखी एक नुकसान होते. डॅपर एसक्यूएलच्या मजकुरावरून मॅपिंग कॅश करते. मजकूर दर वेळी नवा असला की कॅश फुगत जाते आणि मेमरी भरते.

दुसऱ्या प्रश्नासाठी टेबलात आवृत्तीचा एक कॉलम घ्या. वाचताना आवृत्ती सोबत आणा. अपडेटच्या ‘व्हेअर’मध्ये आयडी आणि ती जुनी आवृत्ती दोन्ही लिहा, आणि त्याच वाक्यात आवृत्ती एकने वाढवा. एसक्यूएल सर्व्हरचा ‘रो-व्हर्जन’ प्रकार घेतलात तर वाढवणे आपोआप होते. मग किती ओळी बदलल्या तो आकडा तपासा. १ असेल तर काम झाले. ० असेल तर मध्येच कोणीतरी नोंद बदलली किंवा काढून टाकली. ट्रान्झॅक्शन मागे घ्या, नोंद पुन्हा वाचा आणि वापरणाऱ्याला नवी किंमत दाखवा. मायएसक्यूएलवर काही ड्रायव्हर सापडलेल्या ओळी मोजतात, काही प्रत्यक्ष बदललेल्या. आवृत्ती प्रत्येक अपडेटला वाढत असेल तर दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून बाकी कॉलम तेच राहिले तरी ती वाढवाच.