लँडलाइनला रेकॉर्डर लावला, पण रेकॉर्डिंग थांबतच नाही. काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सुदामा नगरात आई-बाबा दोघंच राहतात. ‘तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय’, ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ असले फोन घरच्या लँडलाइनवर यायला लागले, म्हणून तुम्ही एसडी कार्डवाला रेकॉर्डर लावला. आता एकच फाइल रात्रभर चालू राहते, मागे सतत घुंऽ आवाज येतो, बाबांचा आवाज खणखणीत आणि समोरच्याचा अगदी बारीक, आणि नंबर कधी दिसतो कधी नाही. फोन पूर्वी तांब्याच्या तारेवर होता, आता फायबरच्या मोडेमवर आहे. शिवाय आई-बाबांना न सांगता रेकॉर्डर लावलेला चालतो का, हेही विचारलंय.

मी इंदुरातच इंटरकॉम आणि ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) बसवण्याचं काम करतो. आधी एक सांगतो, रेकॉर्डर बदलून आणायला जेल रोडला पळू नका. तुमच्या बहुतेक तक्रारी लाइनच्या आहेत, डब्याच्या नाहीत.

फोन उचलला हे रेकॉर्डरला कळतं ते व्होल्टेजवरून. फोन ठेवलेला असताना तांब्याच्या लाइनवर दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी असतं. उचलला की ते ६ ते १२ च्या आसपास उतरतं. ठरलेल्या सीमेच्या खाली गेलं की रेकॉर्डिंग सुरू, वर आलं की बंद, एवढाच त्याचा हिशेब. तुमची फाइल थांबत नाही याचा अर्थ फोन ठेवल्यावरही व्होल्टेज त्या सीमेच्या वर चढत नाहीये.

महाराणी रोडवर साधा मल्टिमीटर मिळतो, तो घ्या. डीसी २०० वर ठेवा आणि फोन जागेवर असताना मोजा, मग उचलून मोजा. मात्र रिंग वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नका. रिंगच्या वेळी लाइनवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतं आणि चांगला झटका बसतो. काही मोडेम फोन ठेवलेला असतानाही ४८ पेक्षा बरंच कमी व्होल्टेज देतात. तसं असेल तर रेकॉर्डरच्या मेनूत ही सीमा बदलता येते का बघा आणि ती तुमच्या दोन आकड्यांच्या साधारण मध्यावर ठेवा.

पण त्याआधी भिंतीवरचा रोझेट, म्हणजे फोनच्या तारा जोडायची छोटी डबी, उघडा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण फायबर आल्यावर सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फायबर जोडणारा माणूस मोडेमच्या फोनच्या खाचेतून एक तार काढतो आणि ती घरातल्या जुन्या वायरिंगला जोडून मोकळा होतो. खांबावरून आलेली जुनी तांब्याची जोडी मात्र त्याच दोन स्क्रूंखाली तशीच राहते. झाकण काढलंत की एकेका स्क्रूखाली दोन-दोन तारा दिसतील, त्यातल्या बाहेरून येणाऱ्या बहुतेक हिरव्यागार गंजलेल्या. तिकडचं एक्स्चेंज बंद झालं असलं तरी तार अजून डीपीपर्यंत (खांबावरच्या जोडणीच्या पेटीपर्यंत) गेलेली असते, पावसाळ्यात तिच्या सांध्यांत पाणी शिरतं आणि मोडेमचं व्होल्टेज तिथून झिरपत राहतं. मग उन्हाळ्यात नीट चालणारा रेकॉर्डर पहिल्या पावसात वेड्यासारखा वागतो. बाहेरची जोडी सोडवा, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आतल्या खोलीत पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन) असेल तर त्याचा रिसीव्हर तिरका पडलेला नाही ना, हेही बघा. त्यानेही फाइल चालूच राहते.

घुंऽ आवाजासाठी रेकॉर्डरचा अडॅप्टर काढा आणि थोडा वेळ पॉवर बँकेवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष अडॅप्टरचा. नाही गेला तर तीच जुनी जोडी पुन्हा संशयित, कारण एक तार ओल्या भिंतीला लागून अर्थ झाली की लाइनचा तोल जातो आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. रेकॉर्डर इन्व्हर्टरला खेटून ठेवला असेल तर हलवा. कुणी लाइन सरळ कॉम्प्युटरच्या माइकच्या खाचेत जोडायला सांगेल, ते करू नका. मध्ये ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाइन आणि कॉम्प्युटर विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा) आणि कपॅसिटर नसेल तर गुणगुण तर येतेच, साउंड कार्डही जाऊ शकतं.

समोरच्याचा आवाज बारीक येणं हे काही अंशी असायचंच. बाबांचा आवाज हातभर तारेतून येतो, समोरचा लांबून येतो. मेनूत एजीसी (बारीक आवाज आपोआप वाढवणारी सोय) असेल तर चालू करा. रेकॉर्डर ‘आवाजावर सुरू’ या मोडमध्ये असेल तर तो ‘व्होल्टेजवर सुरू’ मध्ये न्या, कारण आवाजावर चालणारा रेकॉर्डर हळू बोलणाऱ्याची पहिली अक्षरं गिळतो. आणि जोडणी रिसीव्हरच्या वळणदार कॉर्डवर नको, मोडेमकडून येणाऱ्या लाइनवरच हवी. कॉर्डलेस फोन असला तरी बेसच्या आधी.

नंबर न दिसण्याचं कारण बहुधा घाई. फोन करणाऱ्याचा नंबर लाइनवरून पाठवायच्या एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन पद्धती आहेत. एफएसके पद्धतीत नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या वेळात येतो. बाबांनी पहिल्याच रिंगला झडप घातली की नंबर मिळतच नाही. दोन रिंग होऊ द्या म्हणावं. (निवृत्त माणसाला हे सांगणं सोपं नाही, कल्पना आहे.) रेकॉर्डरमध्ये एफएसके की डीटीएमएफ असा पर्याय असतो, तोही बदलून बघा.

कार्डची काळजी नको. टेलिफोनच्या दर्जाचं ६४ केबीपीएसचं रेकॉर्डिंग तासाला सुमारे २९ एमबी घेतं, म्हणजे ८ जीबीच्या कार्डात पावणेतीनशे तासांच्या आसपास मावतात. घड्याळाची काळजी मात्र करा. वीज गेली की स्वस्त रेकॉर्डर तारीख विसरतात, आणि तारीख चुकलेली फाइल पोलिसांपुढे ठेवायला कमी पडते.

आता न सांगता लावण्याबद्दल. माझं उत्तर सरळ नाही असं आहे. बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने झालेलं रेकॉर्डिंग सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुन्या खटल्यात पुरावा म्हणून धरलं होतं. पण इथे बोलणारे बाबा, ऐकणारे तुम्ही, आणि दोन्ही टोकांना पत्ता नाही. याला टॅपिंगच म्हणतात, आणि टॅपिंगने खासगीपणाचा भंग होतो हे न्यायालयाने १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संस्था) खटल्यातच सांगितलंय. आईचं मावशीशी चाललेलं बोलणंही त्याच कार्डात जाणार, हे विसरू नका. त्यांना दाखवा, कसा चालतो ते समजावा. भामट्याला ‘हा फोन रेकॉर्ड होतोय’ असं बाबांनी तोंडावर सांगितलं तर पुष्कळदा तो स्वतःच फोन ठेवतो.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, रेकॉर्डिंग नंतर. मूळ फाइल कापू-जोडू नका, कार्ड काढून बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते. फाइलला हात लावला की ती बदलते.

रोझेटमधली जुनी जोडी सोडवूनही फाइल थांबत नसेल तर फोन ठेवलेला आणि उचललेला असे दोन्ही आकडे आणि मोडेमचं मॉडेल इथे लिहा, मग पुढचं सांगतो.