भूमिकेवर हक्क कोणाचा?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांची नाटके हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. गेल्या युवक महोत्सवातील एकांकिकेत मी मारहाण सोसणाऱ्या सुनेची भूमिका केली. प्रयोग संपल्यावर अर्धा तास विंगेत रडत होते. पुढचे दोन-तीन दिवस मन फार हलके वाटले, पण त्यानंतर झोप उडाली. या कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी अभिनयातून बळ मिळवले, स्वतःला सावरले, असे मी वाचते. अभिनयाने माणूस खरोखर बरा होतो का? मला अमेरिकेत जाऊन हेच शिकायचे आहे. माझी आजी तरुणपणी तमाशाच्या फडात होती. घरात तो विषय कोणी काढत नाही आणि वडिलांचा नाटकाला ठाम विरोध आहे. मी काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. अभिनयाने माणूस बरा होतो का, हा एक. आणि त्यावर पोट भरेल का, हा दुसरा. पहिल्याचा उलगडा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येणार नाही, कारण तुम्ही कोणता अभ्यासक्रम निवडायचा हे त्यावरच ठरणार आहे. माझे मत असे की अभिनय आपोआप कोणालाही बरे करीत नाही. ज्या कृष्णवर्णीय स्त्रिया रंगमंचावर सावरल्या, त्यांनी आधी संहिता आणि तालमीची खोली आपल्या हाती घेतली. जिथे ती हाती आली नाही, तिथे त्याच अभिनयाने त्यांना पैसा दिला, नाव दिले आणि जखमही दिली.

हॅटी मॅकडॅनियल यांचेच पाहा. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. १९४० साली ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणून त्यांचे नाव पुकारले गेले, पण लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलातील त्या समारंभात त्यांना सहकलाकारांबरोबर न बसवता बाजूच्या वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले होते. पुरस्कार मिळाला तो गोऱ्या कुटुंबातील दाईच्या भूमिकेसाठी, आणि पुढेही त्यांच्या वाट्याला बहुतेक मोलकरणीच्याच भूमिका आल्या. सन्मान आणि अपमान एकाच संध्याकाळी पदरात पडलेल्या या अभिनेत्रीला अभिनयाने ‘सक्षम’ केले, असे एका वाक्यात म्हणणे मला जमत नाही.

हेच दुखणे ॲलिस चाइल्ड्रेस यांनी नाटकाचा विषय केला. त्या स्वतः अभिनेत्री होत्या. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आलेल्या त्यांच्या ‘ट्रबल इन माइंड’मध्ये एका नाटकाची तालीम चालू असते. त्या आतल्या नाटकातली कृष्णवर्णीय आई आपल्या मुलाला स्वाधीन होण्यास सांगते आणि जमाव त्याला ठार मारतो. ती भूमिका करणारी अभिनेत्री दिग्दर्शकाला विचारते की कोणती आई असे करील? तिने वर्षानुवर्षे अशी वाक्ये मान खाली घालून म्हटलेली असतात, आणि या एका वाक्यापाशी तिची जीभ अडते. पुढे हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, नेण्याची बोलणी झाली तेव्हा निर्मात्यांना बदल हवे होते; चाइल्ड्रेस यांनी ते नाकारले आणि ब्रॉडवेची संधी गेली. नाटक तिथे पोहोचले ते २०२१ साली, लेखिकेच्या निधनानंतर २७ वर्षांनी. अभिनयातील सक्षमीकरणाचा विचार करताना मला पुरस्कारांच्या यादीपेक्षा हा नकार अधिक महत्त्वाचा वाटतो.

बार्बरा ॲन टीअर यांनी व्यावसायिक रंगभूमीवरील साचेबंद भूमिकांना कंटाळून १९६८ मध्ये हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत नॅशनल ब्लॅक थिएटर उभारले. तिथे नटांना ‘मुक्तिदाते’ आणि प्रेक्षकांना ‘सहभागी’ म्हटले जाई. तुमच्या प्रकल्पात हे नाव नसेल तर अवश्य घ्या.

एन्टोझाके शांगे यांचे ‘फॉर कलर्ड गर्ल्स...’ हे सात स्त्रियांचे काव्यनाट्य तुम्ही वाचलेच असणार. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलीजवळच्या एका बारमध्ये त्याची सुरुवात झाली आणि १९७६ मध्ये ते ब्रॉडवेवर गेले. या स्त्रियांना नावे नाहीत. प्रत्येक जण अंगावरच्या कपड्याच्या रंगाने ओळखली जाते. वाचताना आपले लक्ष बोलणारीकडे असते. प्रयोगात मात्र बाकीच्या सहा जणी काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. एक जण आपल्यावर झालेला अत्याचार सांगत असते तेव्हा उरलेल्या जणी तिथेच असतात, ऐकतात, तिच्या लयीत हलतात आणि शेवटी कृष्णवर्णीय चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी हात ठेवतात तसे हात एकमेकींवर ठेवतात. सांगणारी एकटी पडत नाही, हे त्या रचनेतच बांधलेले आहे. त्या काळी, विशेषतः काही कृष्णवर्णीय पुरुषांकडून, शांगे यांनी घरचे वेशीवर टांगले अशी टीका झाली. तुमच्या वडिलांच्या विरोधामागेही याच जातीची भीती असू शकते, म्हणून हे नोंदवून ठेवते.

या स्त्रियांना बोलण्याची इतकी गरज का भासली, हे समजायला नाट्यशास्त्र पुरत नाही, आरोग्याचा अभ्यासही लागतो. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे या परिचर्या-संशोधक विदुषीने २०१० मध्ये ‘सुपरवुमन स्कीमा’ ही मांडणी केली. कृष्णवर्णीय स्त्रीने सदैव खंबीर दिसावे, भावना गिळाव्यात, मदत मागू नये आणि स्वतःआधी सर्वांची काळजी घ्यावी, या अपेक्षेचे ओझे तिच्या शरीरावर कसे उतरते, हे त्यात आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपल्यालाही परका नाही. पण त्यांच्या बाबतीत त्यामागे गुलामगिरीचा आणि वंशभेदाचा इतिहास आहे, तो पुसून ‘सगळ्या बायकांचे सारखेच’ असे तुमच्या प्रबंधात लिहू नका. अशा समाजात खंबीर स्त्रीने रंगमंचावर कोसळून दाखवणे हे धाडस असते. अभिनेत्री व्हायोला डेव्हिस यांनी २०१४ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेत आरशासमोर बसून विग, पापण्या आणि मेकअप एकेक करून उतरवला. तो प्रसंग त्यांनी स्वतः आग्रहाने मागून घेतला होता. त्या दृश्याचे बळ मला त्या आग्रहातच दिसते.

आता तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे काम सांगते. रोडेसा जोन्स या अभिनेत्रीला सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना एरोबिक्स शिकवण्यासाठी बोलावले होते. व्यायामापेक्षा या बायकांना बोलायचे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९८९ मध्ये ‘मेडिया प्रोजेक्ट’ सुरू झाला. त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. जोन्स यांनी त्यांना थेट स्वतःची कहाणी करायला लावली नाही. आधी ग्रीक पुराणकथा दिली. पतीने टाकल्यावर स्वतःच्या मुलांना मारणारी मेडिया, पाताळात ओढून नेलेली पर्सेफोनी आणि तिला शोधत फिरणारी तिची आई, या कथांच्या आडोशाने प्रत्येकीला आपले लिहिता येई. कधी ‘ती’ म्हणून, कधी ‘मी’ म्हणून, आणि तो बदल कधी करायचा हे तिचे तीच ठरवी. प्रयोग तुरुंगाबाहेरच्या खऱ्या नाट्यगृहात, पहाऱ्यात आणलेल्या स्त्रिया करीत. कथेचा हा आडोसा नाट्योपचारात, म्हणजे नाटकाच्या साहाय्याने मनावर केल्या जाणाऱ्या उपचारात, फार मोलाचा असतो. भूमिका आणि आपण यांत पुरेसे अंतर असेल तर दुःखाकडे पाहता येते. अंतर अजिबात नसेल तर तेच दुःख पुन्हा भोगावे लागते.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील एचआयव्हीबाधित स्त्रियांच्या दवाखान्याने जोन्स यांच्याबरोबर काम केले. औषधे असूनही रुग्ण स्त्रिया हिंसाचार, व्यसन आणि आत्महत्या यांमुळे दगावत आहेत, हे तिथल्या डॉक्टरांना दिसत होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहभागी स्त्रियांनी भगिनीभाव, स्वतःचा स्वीकार, मनाचा निचरा, सुरक्षित नाती आणि गवसलेला आवाज यांबद्दल सांगितले आहे. हा अभ्यास मोजक्या स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे, म्हणून त्याचा आधार घेताना ‘सिद्ध झाले’ हे शब्द वापरू नका. मात्र त्या खोलीत डॉक्टर होते, महिनोन्महिने चाललेल्या तालमी होत्या आणि प्रयोगानंतरही सोबत होती, हे विसरू नका.

तुमच्या विंगेतल्या अर्ध्या तासात यातले काय होते? मन हलके झाले ते खरेच. नंतर झोप उडाली तीही खरी. तुम्हाला भूमिकेतून बाहेर कोणी आणले नाही. काही वर्षांपूर्वी मी एका नाट्यशिबिरात निरीक्षक म्हणून गेले होते. तिथे एका मुलीला तीस जणांसमोर ‘तुझा सर्वांत वाईट दिवस’ करून दाखवायला सांगितले गेले. तिने तो केला, टाळ्या पडल्या आणि सगळे चहाला गेले. मी बाहेर आले तेव्हा ती पायरीवर एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, पण शिबिर घेणाऱ्याला मी त्याच दिवशी जाब विचारला नाही, ही माझी चूक मला अजून टोचते. म्हणून सांगते की आधी तुमची झोप. महाविद्यालयातील समुपदेशकांना भेटा, किंवा शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा, मराठीतून बोलता येते. त्या भूमिकेत तुमचे स्वतःचे काही होते का, ते मी विचारत नाही. ते तुम्ही निवडलेल्या माणसाला सांगा.

आता व्यवसायाकडे वळू. तुम्ही ज्याला एकच इच्छा समजता त्यात तीन वेगळे पेशे आहेत. अभिनेत्री व्हायचे असेल तर अमेरिकेची घाई नको. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स यांची प्रवेशप्रक्रिया आधी पाहा. पण तुमच्या पत्रात मला अभिनेत्रीपेक्षा नाट्योपचारक किंवा संशोधक अधिक दिसते.

नाट्योपचार हा अमेरिकेत रीतसर पेशा आहे. उत्तर अमेरिकेतील नाट्योपचारकांची संघटना १९७९ पासून आहे आणि तिची नोंदणी मिळवायला पदव्युत्तर शिक्षण व देखरेखीखालील प्रत्यक्ष काम लागते. न्यूयॉर्क विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजचे लेस्ली विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्कोची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज आणि कॅनडात माँट्रियलचे काँकॉर्डिया ही यासाठी ओळखली जाणारी ठिकाणे. प्रवेशाला नाटकाबरोबर मानसशास्त्राचीही पायाभरणी विचारतात, आणि तुमची पदवी इंग्रजीची आहे. त्यामुळे मधले एक-दोन वर्षे मानसशास्त्रासाठी द्यावी लागतील. दूरशिक्षणाने मानसशास्त्र करण्याची वाट यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून बंद केल्याने हे प्रत्यक्ष वर्गात बसूनच करावे लागेल. अमेरिकेत उपचार करण्याचा परवाना राज्यागणिक वेगळा असतो, आणि परत आल्यावर त्या पदवीने इथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. या गोष्टी कर्ज काढण्याआधी वडिलांसह बसून वाचा.

पैशाच्या दृष्टीने संशोधनाची वाट वेगळी आहे. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीचा खर्च बहुधा आपल्यालाच करावा लागतो, तर रंगभूमी, प्रयोगकला किंवा आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास यांतील पीएच.डी.ला चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी व विद्यावेतन मिळू शकते. स्पर्धा कडक असते आणि अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती पाहा. राज्य शासनाच्या परदेशी शिक्षण शिष्यवृत्ती योजनांत तुमचा प्रवर्ग बसत असेल तर जागतिक क्रमवारी, उत्पन्न आणि विषय यांच्या अटी चालू वर्षाच्या जाहिरातीतूनच तपासा.

अर्जात तुम्हाला विचारतील की महाराष्ट्रातील मुलीने कृष्णवर्णीय स्त्रियांचाच अभ्यास का करावा? जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे सांगता येईल. पण ते अनेक जण सांगतात. तुमचे स्वतःचे उत्तर तुमच्या घरात आहे. रंगमंचाने पोट भरले आणि त्याच रंगमंचाने कपाळावर डाग लावला, हे हॅटी मॅकडॅनियल यांना ठाऊक होते आणि तुमच्या आजींनाही ठाऊक असणार. वडिलांचा विरोध नाटकाला नसून आपल्या आईला लोक काय म्हणत, त्या आठवणीला असावा, असे मला वाटते. त्यांच्याशी वाद घालू नका. फडातील स्त्रियांशी बोलून सुषमा देशपांडे यांनी एकपात्री प्रयोग उभा केला, तो विषय वडिलांशी काढून पाहा. आपल्या आईची गोष्ट मानानेही सांगता येते, हे त्यांना तुमच्याकडून नव्हे तर तिऱ्हाइताकडून कळलेले बरे.

आणि आजींशी बोला. काय सांगायचे, कुठे थांबायचे, नाव द्यायचे की नाही, हे त्या ठरवतील. तुम्ही लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि त्या म्हणतील ते खोडा. पहिल्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करू नका. नुसत्या जाऊन बसा, आणि फडातली एखादी लावणी अजून पाठ आहे का, एवढेच विचारा.