न्यायमूर्तिपदाचे वेळापत्रक

मार्केट यार्डात गुळाची अडत असलेल्या एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी कोल्हापुरातच बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, इतिहास विषय; बारावीला 68 टक्के. एका विद्वान वकिलाची उच्च न्यायालयात नेमणूक झाल्याच्या बातमीचे कात्रण त्यांनी सोबत जोडले असून, आता मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आल्याने मुलीनेही तेथे न्यायमूर्ती व्हावे, असा त्यांचा निश्चय आहे. बी.ए. सोडवून तिला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला घालावे, पुढे एलएल.एम. आणि पीएच.डी. करवावी आणि बेचाळिसाव्या वर्षी न्यायमूर्ती, हा क्रम बरोबर आहे का, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. अडतीच्या लेटरहेडच्या पाठीमागे आपण पट्टीने रेघा मारून तक्ता आखला आहे. एका रकान्यात मुलीचे वय, दुसऱ्यात पदवी, तिसऱ्यात अंदाजे खर्च. चौथा रकाना असता तर तिचे म्हणणे कदाचित त्यात आले असते. चार पानांच्या पत्रात तिचे एकही वाक्य नाही. तिला मोडी वाचता येते आणि सुट्टीत ती पुराभिलेखागारात जाऊन बसते, हे आपण ‘नसते नाद’ म्हणून एका ओळीत उरकले आहे. पाहुण्यांच्या लग्नात तिला सगळे ‘जजबाई’ म्हणून हाक मारतात, हे मात्र कौतुकाने लिहिले आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला भर मांडवात अशा नावाने हाक मारणे हे कौतुक नसून वसुली आहे, आणि ती पुढची तेवीस वर्षे चालणार आहे. तिचे 68 टक्के मला मुळीच काळजीचे वाटत नाहीत. काळजी वाटते ती या हाकेची.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीतील ‘न्यायमूर्ति’ या शब्दातील ऱ्हस्व ‘ति’ कोणीतरी पेन्सिलीने दीर्घ केली आहे. अक्षर आपले नाही. ती दुरुस्ती तिचीच असेल, तर हा तक्ता तिने पाहिला आहे आणि त्यावर तिला एवढेच बोलता आले, असे मला समजावे लागेल.

आता एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपला सगळा तक्ता त्यावर उभा आहे. पीएच.डी. ही उच्च न्यायालयाची पायरी नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 217 प्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेले असावे लागते किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेली असावी लागते. ‘प्रख्यात विधिज्ञ’, म्हणजे कायद्याचा नामवंत अभ्यासक, हा तिसरा दरवाजा 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उघडला होता, तो चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बंद केला. सर्वोच्च न्यायालयासाठी तो अनुच्छेद 124 मध्ये आजही आहे. पण त्यातून आजवर एकही नेमणूक झालेली नाही. त्यातच पूर्णवेळ प्राध्यापकी पत्करली की वकिली थांबवावी लागते (दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवण्याची मुभा वकिलाला आहे), म्हणजे आपण ‘विद्वत्तेची वर्षे’ म्हणून जी आखली आहेत, ती या हिशेबात धरलीच जाणार नाहीत. शिवाय या पदासाठी अर्ज नसतो आणि परीक्षाही नसते. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात, ते सरकार आणि सर्वोच्च न्यायालयाकडून तपासले जाते आणि मग राष्ट्रपती नेमणूक करतात; इतक्या हातांतून जाणाऱ्या गोष्टीचे साल बाजारभावासारखे आधी काढता येत नाही.

विद्वान वकील न्यायमूर्ती झाल्याचे आपल्याकडचे जुने उदाहरण म्हणजे काशिनाथ त्र्यंबक तेलंग. 1872 पासून त्यांनी मुंबईत वकिली केली, गीतेचे इंग्रजी भाषांतर 1882 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1889 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयावर गेले. त्यांना नेमले ते सतरा वर्षांच्या वकिलीवर. गीता त्यांनी आवडीने केली होती. पांडुरंग वामन काणे यांनीही याच न्यायालयात वकिली केली, धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिले, 1963 मध्ये भारतरत्न झाले, आणि न्यायमूर्ती कधीच झाले नाहीत. आपल्या तक्त्यात काणे नापास ठरतात, हे आपल्या लक्षात आले का?

नेहमीच्या वाटा थोडक्यात सांगतो. दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा एमपीएससी घेते आणि मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्याआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. थेट जिल्हा न्यायाधीशपदासाठी वकिलाला सात वर्षांची वकिली लागते.

बी.ए. मात्र सोडवू नका. हे वर्ष संपल्यावर पदवीचे एक वर्ष आणि नंतर सीईटी देऊन तीन वर्षांची एलएल.बी., अशी चारच वर्षे होतात. आपल्या मार्गाने पाच होतील आणि झालेली दोन वाया जातील. तिच्या ‘नसत्या नादा’बद्दलही सांगतो. इनाम, वतन आणि जुन्या वाटण्यांच्या दाव्यांत मोडी कागद पुढे येतात, तेव्हा ते वाचून देणारे माणूस शोधत वकिलांना हिंडावे लागते. वकिली करायची ठरवली, तर तिच्याकडे पहिल्याच दिवशी असे काही असेल, जे तिच्या सीनियरकडेही नसेल. आणि इतिहासातच राहायचे ठरवले, तर ती तिथे आधीच पोचलेली आहे.

पूर्वी उच्च न्यायालयातला युक्तिवाद ऐकायचा तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून तो कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर ऐकता येतो. तिला तेथे दोन-तीन दिवस बसू द्या. तारीख पडते कशी, ज्युनिअर फायली घेऊन उभा राहतो किती वेळ, पुकारा व्हायची वाट पाहताना दुपार जाते कशी, हे तिचे तिला दिसेल. आपण मात्र बरोबर जाऊ नका.

त्यानंतर मला पत्र पाठवायचे असेल, तर ते तिने लिहावे, लेटरहेडवर लिहू नये, आणि पाठवण्यापूर्वी आपण ते वाचू नये.