गोव्याच्या इतिहासावर रेडिओ रूपक करायचं तर विषय कोणता घ्यावा?

अर्ध्या तासाच्या रूपकासाठी विषय कोणता आणि निवेदन किती, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' घ्या. हा इतिहास घडलाच मुळी रेडिओवर.

२५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे पोर्तुगीज राजवटीविरुद्धचं गुप्त रेडिओ केंद्र गोव्याच्या सीमेपलीकडच्या जंगलातून चालवत होते, आंबोलीहून आणि पुढे कॅसल रॉकहून. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये, सलग सहा वर्षं! डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा हेच दोघे लाउडस्पीकर लावलेल्या विमानातून पणजीवर ती बातमी सांगत फिरले. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

पण रूपकाची सुरुवात ऐकणाऱ्यांपासून करा. फोंड्याजवळ मी एका आजींना रेकॉर्ड करत होतो. "मुक्तीबद्दल काय आठवतं?" असं विचारलं, तर त्या पाठ्यपुस्तकातलं बोलायला लागल्या. मग विचारलं, "आजी, रेडिओ कुठे ठेवलेला असायचा?" त्या उठल्या, "हांगा" म्हणत कोनाड्यावर हात ठेवला, आणि खिडक्या लावून कसं ऐकायचे ते सांगताना त्यांचा आवाज आपसूक कुजबुजीवर आला. घरात आम्ही दोघंच होतो. त्या वेळच्या भीतीबद्दल निवेदनात मला एक अक्षर लिहावं लागलं नाही.

निवेदन एवढंच ठेवा: सनावळ्या निवेदकाने सांगायच्या, अनुभव माणसांनी. बोलणं सुरू करण्याआधी पंखा आणि फ्रिज बंद करा. निघताना त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून घ्या, संपादनात दोन वाक्यांमध्ये तीच लागते.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौलही मोठा विषय आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, हा प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. विलीनीकरणाचं फूल आणि विरोधाची दोन पानं या निशाण्या वयस्कर माणसं अजून सांगतात. मात्र दोन्ही बाजूंची माणसं मिळत नसतील तर हा विषय घेऊ नका, अर्धवट केलेलं लोकांना लागतं. गोव्याच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांवर रूपक करणार असाल तर गाण्याच्या हक्कांची चौकशी आधी करा.

१९६१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाहत्तरीला आला आहे. कागदपत्रं पुढेही मिळतील, या रविवारी आधी कुणाच्या तरी घरी जाऊन या.